निमित्ताचं ओझं

डिसेंबर लागला की पुण्यात नाशिक फाट्यावर शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास सॅक पाठीला लावलेले घोळके दिसू लागतात. त्यातला एखादा घोळका लांबूनच वेगळा ओळखू येतो. वयं पन्नाशीच्या आसपास, बूट कोरे करकरीत, सॅक मात्र वीस वर्षांपूर्वीच्या, आणि एकाच्या हातात दोरीनं बांधलेला केकचा खोका, कारण तो कुठल्याच सॅकमध्ये मावत नाही. कुणाची पन्नाशी असते, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कॉलेज सुटून तीस वर्षं झाली म्हणून कुणाची अख्खी बॅच जमलेली असते. निमित्त कुठलंही असो, ते गडावर साजरं करायचं असं ठरलेलं असतं. हॉटेलातल्या टेबलाभोवती बसून बिलाच्या वाटण्या करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, यात शंका नाही. तरीही या घोळक्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. डोंगरासाठी निघालेला गट आणि निमित्तासाठी निघालेला गट पायथ्याला सारखेच दिसतात. पण जिथे जिथे काही ठरवायची वेळ येते तिथे ते वेगवेगळं ठरवतात. हिवाळ्यातला सह्याद्री मुळात फार अवघड नाही. निमित्त त्याला अवघड करतं. म्हणून माझं म्हणणं असं की सोहळा माथ्यावरून उचलून पायथ्याच्या अंगणात आणावा आणि डोंगराकडे फक्त चालायला जावं. हे ऐकायला रसभंग करणारं आहे, याची कल्पना आहे.

उदाहरणाला हरिश्चंद्रगडच घेऊ, कारण अशा शनिवार-रविवारांचा तो फार लाडका. अकोले तालुक्यातला, सुमारे चौदाशे मीटर उंचीचा हा गड एकाच मुक्कामात बरंच काही देतो. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, शेजारची पुष्करणी, केदारेश्वराच्या लेण्यात थंडगार पाण्यात उभं असलेलं भलंमोठं शिवलिंग आणि त्याच्याभोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एक, तारामतीचं शिखर, आणि पश्चिमेला पोटात खोल वळलेला कोकणकडा. वर जायच्या प्रसिद्ध वाटा तीन. पाचनईची सर्वांत सोपी : कड्याच्या पोटाखालून जाणारी आडवी वाट, जिथे गरज तिथे रेलिंग, आणि सवयीच्या माणसाला अडीच-तीन तास. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांबलचक. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा, आणि तो संपला की आता आलंच म्हणताना एकामागून एक टेकड्या सुरू होतात. तिसरी कोकणातल्या बेलपाड्याहून येणारी नळीची वाट, दगडधोंड्यांनी भरलेल्या अरुंद नाळेतून जाणारी, अख्खा दिवस खाणारी आणि सोबत जाणकार मागणारी. आता निवड कशी होते ते पाहा. डोंगरासाठी निघालेला गट आपल्यातला सर्वांत कच्चा गडी कोण, हे आधी बघतो आणि त्याला झेपेल ती वाट धरतो. निमित्ताचा गट विचारतो, ज्याचा वाढदिवस त्याला काय आवडेल? आणि तो गृहस्थ बाविसाव्या वर्षी खिरेश्वरनं चढलेला असतो. त्याच्या आठवणीत ती वाट चार तासांची आहे, उन्हाचा त्रास नाही, आणि खिंडीत बसून खाल्लेल्या गूळपोळीची चव अजून जिभेवर आहे. बारा जणांचा मार्ग मग अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या दोन गुडघ्यांवर ठरतो.

याच्या उलट रीत स्कॉटलंडमध्ये दिसते. तिथे तीन हजार फुटांहून उंच अशा डोंगरांची एक यादी आहे. ह्यू मन्रो यांनी ती १८९१ मध्ये पहिल्यांदा छापली, म्हणून त्या डोंगरांनाच मन्रो म्हणतात. सध्या ते २८२ आहेत. एकेक करत सगळे चढायचे, यात माणसांची वीस-वीस वर्षं जातात, आणि शेवटचा मन्रो मित्रांना, नातेवाइकांना सोबत घेऊन चढायचा, वर व्हिस्कीचा घोट घ्यायचा, अशी प्रथा आहे. यातली खरी शहाणपणाची गोष्ट व्हिस्कीच्या आधीची. पुष्कळ जण एखादा सोपा, सहज पोचता येण्यासारखा डोंगर मुद्दाम वर्षानुवर्षं शिल्लक ठेवतात, कारण शेवटच्या दिवशी डोंगर न चढणारी मावशीही बरोबर येणार असते. ज्याचा सोहळा त्यानं आपली हौस बाजूला ठेवून पाहुण्याच्या पायांकडे बघायचं, असा तो हिशेब आहे. आपल्याकडे सत्कारमूर्तीची हौस हीच मोहिमेची दिशा होते, आणि पाहुण्यांनी तिच्यामागे धापा टाकत जायचं असतं.

वाट ठरली की दुसरा प्रश्न वेळेचा. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात या भागात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात जेमतेम अकरा तास, आणि मावळल्यावर पंचवीस-तीस मिनिटांत पायाखालचा दगड दिसेनासा होतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, तो अजून वापरला जातो : तीन मैल चालीला एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. समजा सहा किलोमीटर चाल आणि सहाशे मीटर चढ आहे. या हिशेबानं सव्वादोन तास होतात. पण हा ठोकताळा धडधाकट, सवयीच्या, हलकं ओझं असलेल्या माणसाचा आहे, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. बारा जणांच्या, वर्षातून एकदा बूट घालणाऱ्या गटाला तो दुप्पट करून लावला तरी चुकायची शक्यता उरतेच. त्यात आदल्या रात्रीचा प्रवास. आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पहाटे चारला पाचनईत पोचायचं, दोन तास गाडीतच मान वाकडी करून पडायचं, मग चहा, पोहे, ग्रुप फोटो, ज्याचा वाढदिवस त्याच्या नावाचे छापील टी-शर्ट वाटणं. सहाला निघायचं ठरलेलं असतं आणि पाय हलतात साडेनवाला. या साडेतीन तासांचा हिशेब कुणीच मांडत नाही, कारण ते आनंदात गेलेले असतात. त्यांची वसुली संध्याकाळी होते. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा सूर्यास्त तिथूनच पाहायचा हे उघडच आहे. पण सूर्यास्त पाहायचा याचा अर्थ परतीची वाट अंधारात तुडवायची. गडावरच मुक्काम असेल तर मंदिराकडे येण्याची, आणि नसेल तर थेट रेलिंगच्या आडव्या वाटेची. बारा जणांत हेडटॉर्च निघतात पाच, आणि उरलेले मोबाइलचा उजेड हातात धरतात, म्हणजे आधाराचा एक हात गेला.

चाल मंदावण्याचं खरं यंत्र मात्र वेगळंच आहे, आणि ते पाहायचं तर कुठल्याही झाडाखालच्या थांब्यावर पंधरा मिनिटं उभं राहावं. पुढचे चौघे येतात, सॅक टाकतात, पाणी पितात, चिक्की फोडतात. मधले चार-पाच जण येतात, बसतात. शेवटचे दोघे-तिघे लाल चेहऱ्यांनी झाडापाशी पोचतात त्या क्षणी पुढचे उठून सॅक चढवत म्हणतात, ‘चला, आले सगळे!’ ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती एक मिनिटही मिळत नाही. पुढच्या थांब्यावर तो आणखी मागे पडतो, त्यामुळे पुढच्यांना आणखी विश्रांती मिळते, ते आणखी ताजेतवाने होऊन निघतात. चारेक थांब्यांत गटाचे दोन गट होतात, आणि मागच्याला आता दमण्याबरोबर शरमही वाटू लागते. शरमलेला माणूस पाणी मागत नाही, पायात गोळा आलाय हे सांगत नाही, लघवीला जायचंय म्हणत नाही. यावर उपाय फार जुना आहे : सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवायचं, त्याच्या पावलांनी सगळ्यांनी चालायचं, आणि शेवटी एक पक्का गडी ठेवायचा ज्याच्या मागे कुणीही राहणार नाही. डोंगराचे क्लब हे पहिल्याच ट्रेकला शिकवतात. निमित्ताच्या गटात हे होत नाही, कारण तिथे सगळे पाहुणे आहेत आणि पाहुण्याला ‘तू हळू चालतोस, पुढे ये’ असं म्हणायचा संकोच वाटतो.

तिसरी गोष्ट वजनाची. गावातल्या ओट्यावर अशा गटाच्या सॅक उलट्या केल्या तर काय निघतं? ब्लूटूथ स्पीकर, त्याची पॉवर बँक, फुगे, ‘हॅपी फिफ्टी’ची चमकी पताका, फुलबाज्या, कागदी टोप्या, बार्बेक्यूची घडीची जाळी, कोळशाची पिशवी, आणि पिंपभर चिवडा. पाणी मात्र माणशी एक लिटर, कारण ‘वर टाकी आहेत ना’. पाण्याचं गणित सोपं आहे : एक लिटर म्हणजे एक किलो, आणि दिवसभराच्या चालीला तीन लिटर म्हणजे तीन किलो. स्पीकर आणि कोळसा मिळून तेवढंच भरतं. टाकी आहेत हे खरं, पण ती पावसाच्या पाण्याची. दिवाळीपर्यंत नितळ असणारं पाणी हिवाळा सरेल तसं हिरवं होत जातं, आणि कुठलं टाकं पिण्याचं नि कुठलं नाही हे गावकऱ्यालाच ठाऊक असतं. केकचं तर विचारू नका. तीन किलोचा केक हा तीन किलोचा दगड असता तर सॅकमध्ये तळाशी गेला असता. केक हातात धरावा लागतो, आडवा होऊ देता येत नाही, आणि कातळटप्प्यावर तो खालच्याकडून वरच्याकडे एखाद्या तान्ह्या मुलासारखा सरकवला जातो. त्या वेळी चार माणसांची नजर पायांऐवजी खोक्यावर असते. चढताना निभतं. उतरताना हात मोकळे हवे असतात, आणि पन्नाशीतल्या गुडघ्यांचा खरा कस उतारावरच लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल : एवढी धास्ती पावसाळ्यात ठीक, हिवाळा तर सह्याद्रीतला सर्वांत सुरक्षित ऋतू. ओढे उतरलेले, शेवाळं वाळलेलं, धुकं विरळ, दहा डोंगर पलीकडचं दिसतं. हे सगळं मान्य. पण हिवाळ्याचे धोके ओले नाहीत, कोरडे आहेत, आणि कोरडा धोका डोळ्यांना धोका वाटत नाही. नोव्हेंबरात सोनेरी झालेलं गवत तिरक्या उतारावर आडवं पडलं की बुटाच्या तळव्याखाली सतरंजीसारखं सरकतं. त्याच्या खालचा मुरूम सुटलेला असतो. ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो हाच, आणि तो चढताना जेवढा साधा वाटतो तेवढाच उतरताना पाय काढून घेतो. कडेला कारवीच्या वाळक्या काड्या असतात, आधाराला धरावं तर हातात येतात. त्याच वाळक्या गवतात फुलबाजीची एक ठिणगी पडली की वणवा लागतो. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा ती केवळ बेपर्वाई राहत नाही, गुन्हा ठरते. कड्यांच्या पोटात आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, भडक अत्तर, दणदणाट यांनी ती उठतात, आणि शेकोटी, सेंट नि स्पीकर हे वाढदिवसाच्या यादीतले पहिले तीन पदार्थ.

आणि थंडी. पठारावरची थंडी काही हिमालयातली नाही, हे खरं; पण तिला सामोरं जाणारा माणूसही हिमालयाच्या तयारीनं आलेला नसतो. दिवसभराच्या घामानं सुती टी-शर्ट भिजलेला, तोच छापील, फोटोसाठी अंगावर ठेवलेला. सूर्य गेला की कड्यावरचा वारा त्या ओल्या कापडातून आरपार जातो. नुसता कोरडा शर्ट बदलला तरी निम्मी थंडी पळते, पण जादाच्या शर्टाची जागा कोळशानं घेतलेली असते. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. उंचीवर जावं तसं तापमान उतरतं, साधारण हजार मीटरला साडेसहा अंश, हे शाळेत शिकलेलं असतं. पण निरभ्र, निवांत हिवाळी रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि खोलगट भागात साचते. त्यामुळे पहाटे ओढ्याकाठच्या सपाटीवर लावलेल्या तंबूत त्याच्या वरच्या टेपाडापेक्षा जास्त काकडायला होतं. गावातली जुनी घरं ओढ्याला न चिकटता जरा वर, उताराच्या पाठीला टेकून का असतात, याचं एक उत्तर या थंडीतही असावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवरात्रात कळसूबाईला पाहा, लोक म्हणतील. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. साठी-सत्तरीच्या बाया नऊवारी नेसून, कित्येक जणी अनवाणी, बारी गावातून निघतात, लोखंडी शिड्या चढतात, देवीची ओटी भरतात आणि खाली येतात. तेही निमित्तच की. त्यांना ना नाइस्मिथ माहीत, ना हेडटॉर्च. मग पन्नाशीच्या वाढदिवसालाच एवढे नियम कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना यात्रा आणि पार्टी यांतला फरक स्पष्ट होतो. यात्रेला जाणारी बाई आपल्या चालीनं चालते. तिला कुणाबरोबर एकाच क्षणी वर पोचायचं नसतं, कारण देवी काही दहाला भेटते नि अकराला नाही असं नाही. दमली की ती दगडावर टेकते, तिच्यासाठी कुणी खोळंबत नाही आणि तिला कुणाची शरम वाटत नाही. तिच्या हातात ओटीचं सामान, पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेली भाकर. पायांना त्या वाटेची नाही तरी रोजच्या बांधाची, डोक्यावर हंडा घेऊन चढायच्या टेकाडाची सवय. आणि शिड्यांपाशी छातीत धडधडलं तर ती तिथूनच शिखराला हात जोडून मागे फिरू शकते. पायरीवरून केलेला नमस्कार देवीला पोचतो, ही सोय परंपरेनं करून ठेवली आहे. मित्रांच्या सोहळ्यात अशी पायरीच नाही. केक बारा जणांनी एकत्र, माथ्यावर, सूर्य मावळताना कापायचा असतो. जो खाली राहिला तो फोटोत नाही.

माघारीची अडचण इथेच आहे. डोंगरातले बरेचसे अपघात कड्यावर होण्याआधी कुणाच्या तरी न बोलण्यातून सुरू झालेले असतात, असं मला वाटतं. जुन्या मित्रांच्या गटात पुढारी नसतो. सगळे सारख्या वयाचे, एकमेकांची टोपणनावं ठाऊक असलेले, आणि ज्यानं आयुष्यभर थट्टाच केली त्याच्या तोंडून ‘आपण आता फिरूया’ हे वाक्य गंभीरपणे बाहेर पडत नाही, पडलं तर कुणी मनावर घेत नाही. त्यातून ज्याचा वाढदिवस त्याचाच गुडघा सुजलेला असेल तर प्रश्नच मिटला. सगळे त्याच्यासाठी आलेत म्हणून तो बोलत नाही, आणि आपण त्याच्यासाठी आलोय म्हणून बाकीचे विचारत नाहीत. इतका प्रेमळ गैरसमज दुसऱ्या कुठल्या सहलीत सापडणार नाही. म्हणून गाडी सुटण्यापूर्वीच एकाला पुढारी नेमावं, आणि तो सत्कारमूर्ती नसावा, ज्यानं बेत आखला तोही नसावा, कारण दोघांचाही जीव माथ्यात अडकलेला असतो. आणि घड्याळातली एक वेळ ठरवावी, दुपारी एक म्हणा, की जिथे असू तिथून परत. ठरवलेली वेळ नकार देते तेव्हा कुणा माणसाला नकार द्यावा लागत नाही. ‘आमच्यात एक जण अनुभवी आहे’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. अनुभवी माणूस बारा जणांत एक असेल तर तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो, पुढे किंवा मागे. आणि काही झालंच तर स्ट्रेचर उचलायला येतात ते शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आपापलं कामधाम टाकून, आणि त्यांच्या आधी गावातली तरुण मुलं.

गावाचा विषय आला, तर सोहळा अंगणात आणावा म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं. पाचनईसारख्या गावात आता बऱ्याच घरी जेवणा-राहण्याची सोय होते. या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर वस्ती. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही इथली पिकं. बारा जणांचं जेवण म्हणजे काय काम आहे, हे चुलीपाशी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. माणशी तीन भाकऱ्या धरल्या तर छत्तीस. नागलीचं पीठ गरम पाण्यात भिजवून एका भाकरीपुरता गोळा मळायचा, काठवटीत तळहातानं थापत फिरवायचा, कडा चिरू न देता. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी तवा बाजूला सारून जाळाकडे तोंड करून चुलीच्या भिंतीला टेकवायची की ती फुगते. एकीला दोन मिनिटं म्हटली तरी सव्वा तास, एकाच तव्यावर, धुरात. गोळे आधी मळून ठेवता येत नाहीत, वाळून चिरा जातात. केलेली भाकरी फार वेळ ठेवता येत नाही, गार झाली की वातड होते. म्हणजे दुपारी दोनचं जेवण सांगून पाचला उतरणारा गट काय करतो? त्या बाईचा दुपारचा सव्वा तास वाया घालवून तिला संध्याकाळी पुन्हा चूल पेटवायला लावतो. वर नेटवर्क नसतं, कळवायची सोय नाही. पैसे दोन्ही वेळचे दिले तर हिशेब मिटतो, पण फार थोडे जण देतात, कारण आपण एकदाच जेवलो हे त्यांच्या दृष्टीनं उघड असतं.

आता शेवटचा आक्षेप, तोही बिनतोड वाटणारा. माथ्यावरच काही घडत नसेल तर गडावर जायचं कशाला? अंगणातच बसायचं तर फार्महाउस काय वाईट? मुद्दा असा की माथ्यावर जायचंच आहे, फक्त रिकाम्या हातांनी. कोकणकड्यावर पालथं पडून खालच्या कोकणाकडे बघायला ना स्पीकर लागतो ना पताका. उलट पालथं पडायचं तर हात मोकळे हवेत. चौघे तारामतीवर गेले, सहा जण मंदिरापाशी रेंगाळले, दोघे रेलिंगच्या अलीकडूनच फिरले, तरी कुणाचा दिवस बिघडत नाही, कारण सगळ्यांनी एकत्र असायची वेळ अजून यायची आहे आणि ती खाली आहे. फार्महाउसवर लोक एकमेकांना तेच ते ऐकवत बसतात. डोंगरावरून उतरलेल्यांकडे मात्र त्या दिवसाचं काहीतरी नवं असतं. चौघांचं वेगळं, सहांचं वेगळं, दोघांचं वेगळं, आणि ते सांगायला अंगण लागतं. शिवाय शनिवारी चढून-उतरून रात्री गावात सोहळा आणि झोप घेतली तर रविवारी गाडी चालवणारा मित्र डोळे ताणत बसत नाही. सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारचा सर्वांत धोक्याचा टप्पा माझ्या मते कुठला कडा नाही, परतीचा हायवे आहे. आणि अंगणातल्या सोहळ्याला केकचीही सक्ती नाही. वाटेत राजूरवरून जात असाल तर तिथले पेढे घ्या. ते पडत नाहीत, आडवे होत नाहीत, आणि घरातल्या पोरांनाही वाटता येतात.

पाचनईच्या एखाद्या ओट्यावर सकाळी निघताना सॅक हलक्या केल्या जातात, जादाचं सामान घराच्या आतल्या खोलीत रचलं जातं. चुलीशी बसलेली बाई हात न थांबवता बाहेर बघून विचारते, ‘दादा, रातीला किती जणांचं टाकू? आन् किती वाजता?’

पुढारी एकदा गटाकडे बघतो, एकदा डोंगराकडे, आणि तिला आकडा सांगतो.